खपली गव्हाचा दुसरा गुण

मा. संपादक, स. न. वि. वि.

मधुमेह असणाऱ्यांना मानवतो म्हणून खपली गहू आता शहरांतल्या दुकानांत पोहोचला आहे आणि आमच्या अथणी-चिकोडी भागातही त्याची विचारपूस वाढली आहे. परंतु गव्हाचे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ गेली शंभर वर्षे या गव्हाकडे वळत आले ते तांबेरा हा बुरशीचा रोग सोसण्याच्या त्याच्या गुणामुळे, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीचे निरनिराळे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी १९२२ साली जे बारा गहू निवडले, त्यांतील एकाचे नाव ‘खपली’ असेच आहे. त्यात पुढे सापडलेले ‘एसआर-१३’ (एसआर म्हणजे ‘स्टेम रस्ट’, काळा तांबेरा) हे जनुक युगांडातील कुप्रसिद्ध ‘युजी-९९’ तांबेऱ्यालाही दाद देत नाही, आणि विशेष म्हणजे उष्ण हवेत ते अधिक चांगले काम करते. ‘एसआर-२’ हे जनुकही खपलीच्याच जातीतल्या एका रशियन गव्हातून अमेरिकन शास्त्रज्ञ मॅकफॅडन यांनी चपातीच्या गव्हात आणले. खपलीची गुणसूत्रे २८ आणि चपातीच्या गव्हाची ४२ असल्यामुळे असा संकर बहुधा वांझ निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाची चिकाटी कळते.

‘एसआर-२’ या जनुकाची एक खूण शेतकऱ्याला चकवते. ते असलेल्या काही वाणांत ओंबीच्या तुसांवर आणि पेऱ्याखाली काळसर छटा येते. माझ्या रानात ती दिसली तेव्हा एका दुकानदाराने तांबेरा सांगून औषध माझ्या गळ्यात मारले. तांबेऱ्याचा फोड बोटाने चोळला की विटकरी भुकटी बोटाला लागते. माझ्या ओंब्या चोळून बोट कोरडेच राहिले, पण हे सुचले फवारणी झाल्यावर.

उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्याच्या तापात तांबेरा तग धरत नाही आणि दरवर्षी डोंगराळ भागांतून तो पुन्हा पसरतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. काळा तांबेरा दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांकडून वाऱ्याबरोबर वर सरकतो, म्हणजे आपली राने त्याच्या वाटेवरच आहेत. येथे तांबेऱ्याला न जुमानणारे गहू जितके अधिक, तितका पुढे मध्य भारताकडे जाणारा रोग कमी. अर्थात खपली म्हणजे अभेद्य गहू नव्हे. एकाच जनुकाच्या भरवशावर सगळीकडे एकच वाण पेरला की बुरशी आपला प्रकार बदलते. राय या धान्यातून आणलेले ‘एसआर-३१’ याच ‘युजी-९९’ने निकामी केले.

म्हणून दोन मागण्या आहेत. बियाण्याच्या पिशवीवर उत्पादन आणि पीक तयार होण्याचे दिवस छापतात, तसा तो वाण कोणत्या तांबेऱ्याला टिकतो हेही मराठी व कन्नडमध्ये छापावे. दुसरे, धारवाड कृषी विद्यापीठाचा ‘डीडीके-१०२५’ यांसारखे बुटके सुधारित खपली वाण जरूर पेरावेत, पण कृष्णा-घटप्रभेकाठी उसाच्या रेट्यात ज्या घरांत अजून जुने उंच खपलीचे बी उरले आहे, त्यांच्याकडून ते तालुक्याच्या बीजकेंद्राने गाववार वेगवेगळे ठेवून जमा करावे. खपली तुसासकट पेरतात, तेव्हा हे बी तूस काढण्यासाठी कांडण्यापूर्वीच, म्हणजे मळणी झाल्या झाल्या, मागून घ्यावे लागेल.

आपला,
एक गहू उत्पादक, चिकोडी तालुका, जि. बेळगाव