अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही

संपादक महोदय,

रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर (आधारमधल्या ठशाशी बोट ताडून पाहणाऱ्या यंत्रावर) अंगठा जुळला नाही की 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून माणसाला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवले जाते. हे नियमात बसत नाही.

ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. सिमेंट आणि चुना त्या खाऊन टाकतात. उतारवयात कातडी कोरडी पडते, मग ठसा उमटतच नाही. अशा वेळी आधी मशीनची काच पुसावी. बोट फार कोरडे असेल तर ओल्या फडक्यावरून फिरवून टिपून घ्यावे आणि हलकेच सपाट टेकवावे. जोरात दाबले की रेषा पसरतात. अंगठ्यावरच अडून न बसता दहाही बोटे लावून पाहावीत. पडद्यावर येणारा क्रमांकही वाचावा. 300 म्हणजे ठसा जुळला नाही. 330 म्हणजे आधारधारकाचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि बुबुळे, आधारमध्ये लॉक करून ठेवलेले आहे. ते उघडेपर्यंत कुठलेही बोट लावून उपयोग नाही.

एवढे करूनही जमले नाही तर? आधार प्राधिकरणाच्या 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकात उत्तर आहे. कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याचा ठसा, डोळ्यांची बुबुळे किंवा मोबाइलवरचा ओटीपी घ्यावा. तेही शक्य नसेल तर आधार कार्ड पाहून, अपवाद नोंदवहीत (ठसा न जुळलेल्यांसाठी ठेवायच्या वहीत) नोंद करून लाभ द्यायचा आहे. ओटीपीचा मार्ग अनेकांना बंदच असतो, कारण आधारला जोडलेला नंबर कधीच बदललेला असतो. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला दुसरा सदस्य कुठून आणायचा? तिच्यासाठी ही नोंदवही हाच शेवटचा आधार आहे, आणि नेमकी तीच दुकानात सापडत नाही.

आमचा मुख्य आक्षेप नोंदीबद्दल आहे. वाटप झालेला प्रत्येक किलो ऑनलाइन दिसतो. ठसा न जुळल्याने परत गेलेली बाई मात्र 'धान्य उचलले नाही' एवढ्याच रूपात उरते. यंत्राचा दोष तिच्या माथी मारला जातो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला 5 किलो धान्याचा हक्क दिला आहे. तो ठशाच्या गुणवत्तेवर अवलंबून ठेवता येणार नाही.

पुरवठा विभागाने दुकाननिहाय किती जणांचे ठसे फसले आणि त्यांपैकी किती जणांना नोंदवहीवर धान्य मिळाले, हे दोन्ही आकडे दर महिन्याला दुकानाच्या फलकावर लावावेत. धान्य नाकारले गेल्यास 1967 वर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रारीत दुकान क्रमांक, तारीख आणि पडद्यावरचा क्रमांक जरूर लिहावा.

– रेशन हक्कासाठी काम करणारे कार्यकर्ते, बीड