तक्रार : ‘कपल पॅकेज’मधला अजगर, झोपलेले प्राणी आणि तुमचा गाइड

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : ‘दोघांसाठी एक दिवस, प्राण्यांच्या सहवासात’ या सहलीबाबत तक्रार व शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या रविवारी मी आणि माझा नवरा आपल्या कंपनीच्या वरील सहलीला गेलो होतो. नोंदणी क्रमांक मेलच्या विषयात दिला आहे. सकाळची पहिली वेळ, जाणकार गाइड, रंगीत माहितीपुस्तिका आणि ‘एक अविस्मरणीय फोटो’ एवढ्या गोष्टींचे पैसे आपण आगाऊ घेतले होते. फोटो आमच्याकडे नाही, कारण आम्ही तो काढूच दिला नाही. माझी मुख्य तक्रार त्याबद्दलच आहे. पण फोनवर आपल्या प्रतिनिधीने ‘सगळं सविस्तर लिहून पाठवा’ असं सांगितलं, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आदल्या रात्री उशिरा मेसेज आला की ‘तांत्रिक कारणास्तव’ आमची वेळ सकाळी सातऐवजी साडेअकरा झाली आहे. प्राणिसंग्रहालय उघडायला कसलं तांत्रिक कारण आडवं येतं, हे आम्हाला कळलं नाही. गेटवर चौकशी केली तर ते नेहमीप्रमाणे वेळेवर उघडलं होतं. तुमच्याच दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपला सकाळची वेळ दिली होती, हेही तिथेच समजलं. बिबट्या आणि वाघ पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात, भर उन्हात सावली धरून पडून राहतात. सिंह तर दिवसातले सोळा ते वीस तास आराम करतो. सकाळच्या वेळेसाठी तुम्ही जास्त पैसे लावता ते त्यामुळेच, आणि आम्हीही ते त्यासाठीच भरले होते.

आम्हाला झोपलेला सिंह बघायला मिळाला, ही तक्रार नाही, हे स्पष्ट करते. मला तो आवडला. झुडपाच्या सावलीत उताणा, पुढचा एक पंजा हवेत अर्धवट वाकवलेला, मधूनच कानाशी माशी आली की फक्त कान हलायचा. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो असतो. पण तुमच्या गाइडला ते परवडणारं नव्हतं. पैसे भरलेल्या माणसांना झोपलेला सिंह दाखवला तर ती नाराज होतात, असा त्याचा समज दिसला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि लोखंडी कठड्यावर वाजवायला सुरुवात केली. सिंहाने एकदा मान उचलून बघितलं. ग्रुपमधल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. मग गाइडला चेवच आला.

पुढे दिवसभर हेच चाललं. बिबट्या लाकडी खोपट्यात बसला होता, त्याला शीळ घालून बाहेर काढायचा प्रयत्न झाला. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या वागण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं आहे की प्रत्येक प्राण्याचं पळून जाण्याचं एक अंतर असतं. त्याच्या आत कोणी आलं की तो पळतो. बंदिस्त जागेत पळायला वाट नसते, म्हणून निदान लपायला जागा असावी लागते. त्या प्राणिसंग्रहालयाने ती जागा करून दिली आहे. तिच्यातून त्याला बाहेर काढायचं काम तुमच्या कंपनीचा माणूस, तुमचा लोगो असलेला टी-शर्ट घालून, करत होता.

सर्पालयात तर कमाल झाली. ‘काचेवर टकटक करू नये’ अशी पाटी होती आणि तिच्या शेजारीच उभा राहून तो बोटाच्या पेराने काच ठोकत होता. माझ्या नवऱ्याने हटकलं तेव्हा उत्तर आलं, “काका, सापाला कान नसतात. रोज करतो, काही होत नाही.” सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो, हे खरं. पण आतला कान असतो आणि खालच्या जबड्याच्या हाडातून कंपनं त्याच्यापर्यंत पोहोचतात. आपण बोललेलं कदाचित त्याला फारसं जाणवणार नाही, पण ठोकलेलं नक्कीच जाणवतं. माझ्या नवऱ्याने शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. तो हे सगळं शांतपणे समजावून सांगत होता आणि गाइड पुढच्या काचेकडे निघून गेला होता.

माहितीबद्दलही लिहायला हवं, कारण ‘जाणकार गाइड’ हे शब्द तुमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत आहेत. उंटाच्या मदारीत पाणी असतं, असं त्याने सांगितलं. (तिथे चरबी असते.) जिराफाच्या मानेत ‘माणसापेक्षा कितीतरी जास्त’ मणके असतात म्हणाला. सातच असतात, माणसाएवढेच, फक्त एकेक मणका लांबलचक. माहितीपुस्तिकेत बिबट्याच्या पानावर जॅग्वारचा फोटो आहे. अंगावरच्या ठिपक्यांच्या फुलांमध्ये आत आणखी ठिपके दिसतात, म्हणजे तो जॅग्वार; बिबट्याची फुलं बहुतेक आतून रिकामी असतात. शिवाय जॅग्वार अमेरिका खंडातला आणि तुमच्या पानावर खाली लिहिलं आहे, ‘आढळ : आशिया व आफ्रिका’. छपाईआधी एकाही जाणकाराने नजर टाकली असती तरी हे सापडलं असतं.

या सगळ्यावर मी कदाचित हसून सोडून दिलं असतं. अस्वलापाशी मात्र हसू आलं नाही. पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला ते डावीकडून उजवीकडे जात होतं, ठरावीक खांबापाशी मान एकदा वर झटकायचं, वळायचं, परत. जमिनीवर त्या वाटेपुरती गवताची काडी नव्हती, माती पायांनी घोटून गुळगुळीत झाली होती. गाइड म्हणाला, “बघा, तुम्हाला बघून कसा नाचतोय!” ग्रुपने मोबाइल काढले. हा नाच नव्हे. बंदिस्त प्राण्यात दिसणारी ही निरर्थक, साचेबंद हालचाल असते आणि ती प्राणी अस्वस्थ असल्याची, किंवा पूर्वी कधी तशा हालात राहिल्याची खूण मानतात. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं होतं की निसर्गात ज्यांचा वावर फार मोठ्या प्रदेशात असतो, असे मांसभक्षक बंदिवासात अशा येरझाऱ्या जास्त घालतात. अस्वलाला मोठी जागा देणं, त्याला ओंडक्यात खाणं लपवून गुंतवून ठेवणं हे प्राणिसंग्रहालयाचं काम आहे आणि त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. पण त्या येरझाऱ्यांना नाच म्हणून टाळ्या मिळवणं, हे तुमच्या खात्यात येतं.

दिवसातली एकमेव चांगली पंधरा मिनिटं पाणघोड्याच्या तळ्यावर गेली, तीही गाइड फोनवर बोलत लांब गेला होता म्हणून. तिथले कीपर पाइपने कडेचा ओटा धूत होते. पाणघोड्याच्या पाठीवर तांबूस ओल चमकत होती. मी विचारलं, लागलंय का त्याला? ते म्हणाले, “नाही हो काकू, त्याचं असंच असतं. उन्हापासून बचाव.” नवऱ्याने मग त्यात भर घातली की तो स्राव रक्तही नाही आणि घामही नाही, २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातली लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं वेगळी करून दाखवली, ऊन शोषून घेण्याबरोबर जंतूंची वाढ रोखण्याचाही गुण त्यात आहे. कीपरने पाइप बंद करून सगळं ऐकलं आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते गाइडने येऊन ‘चला चला’ म्हणेपर्यंत. ज्या माणसाला तुम्ही एक पैसा दिला नव्हता त्याच्याकडून आम्हाला सहलीचं मोल मिळालं, एवढं नोंदवून पुढे जाते.

आता फोटो.

बाहेर पडायच्या दारासमोर तुमच्या कंपनीचा मंडप होता. मागे हृदयाच्या आकाराची कमान, समोर रांगेत जोडपी. फोटोग्राफरच्या मदतनिसाने झाकणाच्या टोपलीतून एक अजगर काढला आणि तो एकेका जोडप्याच्या खांद्यांवर आळीपाळीने ठेवला जाऊ लागला. हा अजगर प्राणिसंग्रहालयाचा नव्हता, मी आत जाऊन खात्री करून घेतली. तो बॉल पायथन होता, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की तो घट्ट वेटोळं करून डोकं मधोमध लपवतो. इथे तो प्रत्येक वेळी तेच करू पाहत होता आणि मदतनीस प्रत्येक वेळी बोटं घालून ते वेटोळं उलगडत होता, कारण तोंड फोटोत यायला हवं होतं.

आमचा नंबर आला तेव्हा मी त्याचे डोळे जवळून पाहिले. दोन्हींवर दुधी निळसर झाक होती, बुबुळ दिसत नव्हतं. कातडी निस्तेज, पोटाकडे गुलाबीसर. तो कात टाकायला आलेला होता. या दिवसांत जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, डोळ्यांवरचं आवरणही त्यातच येतं आणि सापाला नीट दिसत नाही. साप पाळणारा साधा माणूसही या काळात त्याला हात लावत नाही, अंधारात आणि ओलाव्यात एकटा सोडतो. ज्याला धड दिसत नाही अशा प्राण्याला तुम्ही भर उन्हात, फ्लॅशसमोर, अनोळखी गळ्यांत घालत होतात. आणि फोटोग्राफर सांगत होता, “दोघांनी हसा, मॅडम, तोंड हातात धरा!”

आम्ही नकार दिला. मी मदतनिसाला डोळे दाखवले. तो म्हणाला, “म्हातारा झालाय, मोतीबिंदू असेल.” गाइडने आम्हाला बाजूला घेऊन समजावलं की फोटो पॅकेजमध्येच आहे, नाही काढला तरी पैसे परत मिळणार नाहीत, आणि आमच्यामुळे मागची रांग खोळंबली आहे. मागच्या रांगेतल्या एका मुलीने आमचं बोलणं ऐकून फोटो काढायचं टाळलं, त्यावर फोटोग्राफर माझ्यावर आवाज चढवून बोलला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी मंडपात कोण होतं हे तुम्हाला माहीत असणार.

आणखी एक. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांना हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे असतात. तुमच्या मंडपात हृदयाची कमान होती, फुगे होते, छपाईयंत्र होतं. साबण नव्हता आणि पाणीही नव्हतं. आमच्या पुढचं जोडपं फोटो काढून झाल्यावर त्याच हातांनी डोळे पुसत बसलं होतं.

आता मला काय हवं आहे ते. गाइड, फोटो आणि सकाळची वेळ या तिन्हींचं शुल्क परत करावं. प्रवेश तिकिटाचे पैसे नकोत, ते प्राणिसंग्रहालयाला गेले आहेत आणि ते योग्य ठिकाणी गेले असं मी समजते. अजगराबरोबरचे फोटो ताबडतोब बंद करावेत आणि तो साप सध्या कुठे आहे, कोणाच्या देखरेखीखाली आहे, पशुवैद्याने त्याला शेवटचं कधी तपासलं, हे कळवावं. बॉल पायथन ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. तो तुमच्याकडे कसा आला त्याची कागदपत्रं असतील तर दाखवायला हरकत नसावी. नसतील, तर हे पत्र मी वन्यजीव विभागाकडे पाठवणार आहे. गाइडला काढून टाका असं मी म्हणत नाही. पोरगा कष्टाळू आहे, त्याला कोणी काही शिकवलेलंच नाही. त्याला पाणघोड्याच्या कीपरबरोबर आठवडाभर उभं करा, तेवढं पुरेल.

पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन पाठवू नये. ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य मला फोनवर एकदा आणि मेलवर एकदा मिळालेलं आहे, ते पुन्हा नको. उत्तर लेखी हवं, पंधरा दिवसांत. तोवर आलं नाही तर ग्राहक तक्रारीचा अर्ज तयारच आहे, नवऱ्याने तो टाइप करून ठेवला आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त सविस्तर लिहितो.

आपली,
एक ग्राहक

सोबत : अजगराच्या डोळ्यांचा जवळून काढलेला फोटो, ‘टकटक करू नये’ या पाटीशेजारी काच ठोकणाऱ्या गाइडचा फोटो (चेहरा झाकला आहे), माहितीपुस्तिकेचं बिबट्याचं पान, वेळ बदलल्याच्या मेसेजची प्रत, पैसे भरल्याची पावती.