सोमवारपासून मावशी येणार आहेत

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

हुतात्मा एक्सप्रेस आत्ताच कुर्डुवाडीहून सुटली. पोचल्यावर फोन करीनच, पण फोनवर आई “बरं बरं, ठेव आता, तुला कामं असतील” म्हणते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून वहीच्या पानावर लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. चष्मा लावून, आणि मधलं काही न गाळता.

ठरलेलं आधी सांगून टाकते. सोमवारपासून सकाळी साडेनऊला स्वयंपाकाला मावशी येतील. गिरणीच्या बोळातल्या, आत्याच्या मंगळागौरीला ज्यांनी भाकरी केल्या होत्या त्या. बोलणं झालंय, पहिल्या महिन्याचे पैसेही देऊन झालेत. किती दिले ते विचारू नका, सांगणार नाही.

आई, चिडलीस ना? ऐक तरी. परवा रात्री मी पाणी प्यायला उठले तर तू ओट्यापाशी अंधारात उभी राहून अंगठ्याला बाम चोळत होतीस. मला बघून हात पदराखाली घेतलास. सकाळी मी मुद्दाम कट्ट्यावर येऊन बसले. दोन भाकरी तू उजव्या हाताने बडवल्यास, तिसरीपासून डावा हात लावलास. कडा फाटायला लागल्या तर म्हणालीस, “पिठाची विरी गेलीय.” आई, पीठ आदल्या संध्याकाळी दळून आणलेलं. बाबांनी पिशवी आणली तेव्हा ती कोमट होती.

तुझ्या हाताची चव गेली असं कोण म्हणतंय? फोडणीत काय पडायचं, आमटीत काळा मसाला किती, ते तूच सांगायचं. खुर्ची टाकून बस. मावशींनी भाकरी बडवायच्या आणि भाजी चिरायची, एवढंच. त्यांच्याकडून पटलं नाही तर दोन महिन्यांनी बोलू. दोन महिने मात्र द्यायचे.

दुसरं कारण लिहायला जड जातंय. इतकी वर्षं तुमच्या ताटात मी लांबून हात घालत आले. सुरुवात माझी नव्हती म्हणा. काकांना अटॅक आला तेव्हा मी शाळेत होते. आहाराचा कागद फ्रिजवर चिकटला होता: शेंगदाणे बंद, तूप बंद, अंड्यातलं पिवळं बंद. काकांचं पथ्य सगळ्या घरानेच पाळलं, घाण्याचं तेल जाऊन रिफाइंडचा डबा आला. आज्जी म्हणाली होती, “शेंगा बंद? मग सोलापुरात राहायचं तरी कशाला?” आम्ही हसलो होतो. पुढे मी कॉलेजात शिकले की शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, कुठल्याच वनस्पतीत जवळजवळ नसतं. आणि रोजच्या जेवणातून कोलेस्टेरॉल ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हा अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांतला जुना आकडा २०१५-२०च्या आवृत्तीत त्यांनीच काढून टाकला. काकांना ते कळलं नाही. बाकी वर्षं त्यांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

डॉक्टरांची चूक होती असं म्हणत नाही, त्या काळी जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. आणि तूप आता वाटेल तेवढं चालतं असंही नाही. बाबा, हे वाक्य पुन्हा वाचा.

पण मी तर डॉक्टरही नव्हते. २०१८च्या सुमारास सगळा महाराष्ट्र दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं यावर भांडत होता, तेव्हा मी फोनवरून बाबांचं जेवण दोनदाच केलं. मधुमेहाची गोळी होती तीच, तेवढीच. ती डॉक्टरांना विचारून बदलायला हवी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी व्हिडिओ पाहिला होता ना! हुतात्मा बागेच्या बाकावर तुम्ही घामाघूम होऊन बसलात, हात थरथरत होते. भेळवाल्याने गुळाचं पाणी दिलं म्हणून निभावलं. “ऊन लागलं” असं तुम्ही आईला सांगितलंत. मलाही तेच. खरं काय झालं ते मला दोन वर्षांनी आत्याकडून कळलं. माझं नाव येऊ नये म्हणून लपवलंत, हे मला समजतं बाबा. माफी मागितली तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून इथे लिहिते: चुकले मी.

ओट्सचंही कळलंय. गच्चीवर चिमण्यांची गर्दी बघितली आणि मग डबा बघितला. चिमण्यांची तब्येत छान आहे.

आता खिडकीतून उजनीचं पाणी दिसतंय. कडेने ऊस, केळी. या पट्ट्यात कधीकाळी ज्वारीच होती, असं तुम्ही दर वेळी याच जागी सांगायचात आणि मी कानात गाणी लावून बसायचे. आज आठवत होते. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो, तिची भाकरी सांगताना तुमचं तोंड अजून वाकडं होतं. तीही ज्वारीच होती, पण तिला मालदांडीची सर कुठली! मग बरे दिवस आले तसा घरात गहू आला. पाहुण्याला भाकरी वाढायची आपल्याला लाज वाटायला लागली. माझ्या बघण्याच्या दिवशी चपात्याच होत्या, आठवतंय का आई? तू भाकऱ्यांची टोपली माळ्यावर लपवली होतीस. आणि २०१६ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तीच भाकरी कागदी डिशमध्ये, चौकोनी कापून मिळते. मी फोटो पाठवला होता. आई म्हणाली, “अशी का कापलीय, मेली.”

तर भाकरी चालू. पण बाबा, ज्वारी झाली तरी पिठूळच, साखर तीही वाढवते. एका वेळी दीड. बरोबर डाळ, पालेभाजी, आणि हुलग्याचं माडगं आठवड्यातून दोनदा तरी.

एक सांगायचं राहिलं. घाबरू नका. माझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.१ आलाय. म्हणजे मधुमेह नाही, उंबऱ्यावर आहे. तुम्हाला इतकी वर्षं पथ्य शिकवणारी मी रात्री साडेदहाला लॅपटॉपसमोर बसून बाहेरून मागवलेलं खाते. आता चालायला लागलेय, रोज चाळीस मिनिटं. आई, यावर कुणाच्या नजरेला दोष देऊ नकोस आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला पुढच्या गाडीने येऊ नकोस.

आता नीट ऐका. बाबांनी गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, एकादशीलाही नाही. आज्जी असती तर तिनेही सूट दिली असती. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासायचं. आकडा सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा साखर. लगेच डॉक्टरांना फोन, मग मला. मीठ दोघांचंही दिवसाला माणशी चमचाभराच्या आतच हवं, त्यात पापड, लोणचं, चटणी सगळं आलं. ताटात डावीकडे मीठ वाढायचं बंद. कमी सोडियमचं मीठ कुणी आणून दिलं तर वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या बीपीच्या गोळीबरोबर ते चालतं का हे आधी विचारावं लागेल. आणि आईचा अंगठा येत्या गुरुवारी दाखवायचा. नंबर लावलाय, बाबा बरोबर जातील. “बाम लावला की राहतं” हे डॉक्टरांपुढे म्हणायचं नाही.

मी पुढच्या महिन्यात येतेय. मी व्हॉट्सॲपवर काही आहाराचं पाठवलं तर वाचू नका, खरंच.

दौंड आलं.

तुमची,
मनू

ता. क. डबा कुर्डुवाडीच्या आधीच उघडला. कडक भाकरी वाटेत मोडली होती, तशीच दह्याशी आणि चटणीशी खाल्ली. चटणी मावशींनी करायची नाही. ती तूच कर आई, बसून. खलबत्त्यात कुटायचं काम बाबांचं, आणि तेल सुटेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस.