तीनदा गॅस भरला, गळती एकदाही शोधली नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : गाडीच्या एसीची दीड महिन्यापासून न सुटलेली तक्रार

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. तक्रार 'निकाली निघाली' असं सांगण्यात आलं. गाडी माझ्या अंगणात उभी आहे आणि एसीतून गरम हवा येते आहे.

११ एप्रिल, २ मे, १६ मे. तीन बिलं, तिन्हींवर एकच ओळ : गॅस रिफिल. पहिला गॅस २१ दिवस पुरला, दुसरा १४, तिसरा ९. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ सर्वांत तापलेले दिवस, लागला त्याच दिवशी एसी बसला. गळतीचं तोंड मोठं होत चाललं आहे, हे या आकड्यांवरून कोणालाही कळेल. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. इतक्या लवकर कमी झाला, म्हणजे गळला. मी रेल्वेच्या एसी डब्यांच्या देखभालीत ३१ वर्षं काढली. गळती सापडल्याशिवाय आम्ही गॅस भरत नसू.

१६ मेला तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण ते मी विसरू शकत नाही. गाडी आत घेण्याआधी मी ॲडव्हायझरला म्हटलं, आधी नळ्यांत नायट्रोजन भरून प्रेशर धरा, प्रेशर उतरलं तर गळती आहे. तो म्हणाला, "काकाजी, ऊन पाहा ना बाहेर. ४५ चाललं. एसी तरी काय करन बिचारा?" मी म्हटलं, मागच्या मे महिन्यातही हेच ऊन होतं, हीच गाडी होती, आणि मागच्या सीटवर आई शाल मागायची. यावर तो बाजूच्या पोराकडे पाहून हसला. "वय झालं की ऊन जास्त लागते काकाजी." मी थर्मामीटर एसीच्या जाळीत धरून दाखवला, २७ अंश. त्यानं वाकूनही पाहिलं नाही. "घरचा थर्मामीटर आम्ही मानत नाही." मग तुमचा आणा म्हटलं, तर तो निघून गेला. काचेतून मी पाहत होतो : व्हॅक्यूम पंप दहा मिनिटंही चालला नाही, गेजचा काटा जागेवर थांबतो का हे कुणी तपासलं नाही, आणि गॅस भरून गाडी बाहेर.

माझा संशय कूलिंग कॉइलवर आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो. कंडेन्सर आणि समोरचे जॉइंट मी स्वतः पुसून पाहिले, कोरडे आहेत. कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते, ती काढायला दिवसभराचं काम. शिवाय कॉइल वॉरंटीत येते, गॅस येत नाही. माझी वॉरंटी ऑगस्टमध्ये संपते. तोवर गॅस भरत राहायचं, असंच ठरलं आहे का? तीनदा गॅस भरला, गळती एकदाही शोधली नाही!

परवा ८४ वर्षांच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. काचा खाली केल्या तर झळा, वर केल्या तर भट्टी. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ती बसली आणि सीताबर्डीच्या सिग्नलला तिला भोवळ आली. तुमची ही माझी तिसरी गाडी. पहिली मी १९९८ साली घेतली, तेव्हा शेजारच्या दोघांना तुमचंच नाव सुचवलं होतं. आता माझ्या तोंडून ते नाव निघणार नाही.

१० जूनपर्यंत नायट्रोजनची प्रेशर टेस्ट करा, तिचं रीडिंग लेखी द्या, कॉइल गळकी निघाल्यास वॉरंटीत बदला आणि तिन्ही बिलांचे पैसे परत करा. नाहीतर ११ तारखेला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. बिलं आणि तारखा माझ्याकडे आहेत. त्या ॲडव्हायझरनं आईची माफी मागावी, हीही माझी मागणी आहे.

चौथ्यांदा नुसता गॅस भरून दिलेली गाडी मी ताब्यात घेणार नाही.

आपला ग्राहक,
नागपूर