पाटीवरचा ‘ए’

महोदय,

जून उजाडला की नातीला अप्पा बळवंत चौकात नेण्याचं काम माझ्याकडे येतं. यंदा दोनशे पानी वह्यांचा गठ्ठा बांधून होईपर्यंत दुकानाची पाटी वाचत उभी होते. ‘बुक्स अँड स्टेशनरी’, इंग्रजीत, हातभर अक्षरांत; आणि शेवटच्या ‘आर-वाय’आधी ‘ई’ऐवजी ‘ए’. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, जीभ आवरली नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘आजी, वह्या तर बरोबर आहेत ना?’’

वह्या बरोबर होत्या, पण एका अक्षरानं नामाचं विशेषण झालं होतं. ‘ई’वाली स्टेशनरी म्हणजे वह्या, पेनं, पाकिटं, त्या नामाला अनेकवचनाचा ‘एस’सुद्धा लागत नाही. ‘ए’वाला शब्द म्हणजे जागचा न हलणारा, जशी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरची वाहनं. म्हणजे पाटीचा सरळ अर्थ ‘पुस्तके व जागचे न हलणारे’. काय न हलणारे, ते गुलदस्त्यात! उच्चार एकच, देवनागरीतही फरक दिसत नाही, मग चूक कळणार कशी?

यावर एन्व्हलपची खूण सांगतात: त्याचं पहिलं अक्षर तेच स्टेशनरीचं. नातीनं ती पाठ केली आणि चाचणीत नेमका ‘ए’ घातला. तिचं तरी काय चुकलं? मराठी कानाला एन्व्हलप ‘ए’नंच सुरू होतं. अर्धा गुण गेला. मग मी तिला ‘लेटर’ दिलं. त्याच्या स्पेलिंगात ‘ए’ औषधालाही नाही. उभ्या गाडीसाठी ‘कार’, तिथे ‘ई’ नाही.

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधलं ‘उभं राहणं’, आपल्या ‘स्था’चंच भावंड. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठाजवळ कायमचं दुकान थाटणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला, फिरत्या विक्रेत्याहून वेगळा म्हणून, स्टेशनर म्हणत. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. तीन पिढ्या एकाच गाळ्यात असलेल्या या दुकानाला दोन्ही शब्द शोभतात. (समोरचा जुन्या पुस्तकांचा पथारीवालाही पंधरा वर्षं हललेला नाही, ते सोडा.)

दिवाळीत रंग काढू तेव्हा बदलतो, म्हणाला. नातीकडून चिठ्ठीवर बरोबर स्पेलिंग लिहून दिलंय. त्यानं ती गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवली.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे