सोमवारची पोटदुखी

महोदय,

माझा मुलगा नववीत आहे. दर सोमवारी सकाळी तो पोट धरून बसायचा. आजीने ओवा दिला, मग डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळे नॉर्मल. 'नाटकं करतो' असा निकाल घरातही लागला आणि शाळेतही. पुढे कळले, सोमवारी युनिट टेस्टचे पेपर मिळतात आणि मार्क वर्गात मोठ्याने वाचले जातात. आदल्या रात्रीपासून त्याला झोप नसायची, छाती धडधडायची. हे कुणाला सांगायचे असते, हेच त्याला ठाऊक नव्हते. (आम्हाला तरी कुठे होते!)

शाळेच्या जिन्यात डेंग्यूच्या डासाचे भलेमोठे चित्र आहे. मनाबद्दल एक ओळ नाही. मूल्यशिक्षणाचा तास गणिताचा पोर्शन संपवण्यात जातो. मानसिक त्रासात फोनवरून मदत करणारी केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. शाळेच्या कॅलेंडरमध्ये, प्रतिज्ञेखाली, तो छापायला कितीशी शाई लागते? समुपदेशक मिळेल तेव्हा मिळो. निदान वर्गशिक्षकांना आणि आम्हा पालकांना आळस आणि उदासी यांतला फरक कुणीतरी समजावून सांगावा. येत्या शनिवारी पालकसभा आहे. विषय दोनच: गणवेश आणि व्हॅनचे भाडे.

— एक पालक, भांडुप, मुंबई