स्वयंपाकाच्या कार्यक्रमांनाही इतिहास आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीच्या वाटचालीवर अधूनमधून लेख येतात. त्यांत बातम्या, मालिका, क्रिकेट हमखास असते. घर आणि स्वयंपाक यांवरच्या कार्यक्रमांना मात्र ओळभरही जागा मिळत नाही. ‘ते काय, बायकांचे कार्यक्रम’ म्हणून ते बाजूला पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरचा ‘सुंदर माझं घर’ आमच्या पिढीला ‘गजरा’इतकाच ओळखीचा. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि १९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला. त्याचे सुरुवातीचे दिग्दर्शन हंसल मेहता यांचे. ‘स्कॅम १९९२’मुळे आज त्यांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात काम करणारे संजीव कपूर या कार्यक्रमातून घरोघरी पोहोचले. हॉटेलातली भाजी घरच्या गॅसवर होते, हे त्यांनी करून दाखवले. तेव्हा मोबाइलवर पाककृती पुन्हा मागे नेऊन बघायची सोय नव्हती. कढईकडे बघत बघतच वहीत उतरवून घ्यावे लागे. अशा वह्या आजही कितीतरी घरांत असतील, तेलाच्या डागांसकट.

पण माझ्या मते खरा बदल मराठीतच झाला. झी मराठीवर २००७ च्या सुमारास ‘आम्ही सारे खवय्ये’ आला आणि ओट्यामागे नामवंत शेफऐवजी तुमच्या-आमच्यातल्या गृहिणी उभ्या राहिल्या. प्रशांत दामले शेजारी उभे राहून विचारत, चाखत आणि मनसोक्त दाद देत. नंतर संकर्षण कऱ्हाडे यांनीही हे काम आपुलकीने केले. घरात रोज रांधणाऱ्या बाईला तिच्या नावानिशी, ‘हे तुम्ही कुठे शिकलात?’ असे विचारले गेले. त्याआधी तिला हे कोणी विचारले होते? उत्तरात सासूबाई, आजी, माहेरचे गाव येई. पाककृतीच्या पुस्तकात साहित्य आणि कृती असते. मसाला किती परतायचा, हे सांगणारा हात आणि तिची बोली असते ती चित्रणातच.

म्हणूनच हे भाग जपले पाहिजेत. पूर्वी टेप महाग असत, त्यांवरच पुन्हा चित्रण होई आणि दूरदर्शनचे कितीतरी कार्यक्रम पुसले गेले. आता तशी अडचण नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये बोस्टनच्या वाहिनीवरून ‘द फ्रेंच शेफ’ सुरू करणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचे घरचे स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात भांड्यांसह मांडून ठेवले आहे. आपल्याकडे निदान जिल्हा, पदार्थ आणि करणारीचे नाव यांनुसार या भागांची सूची तरी व्हावी. वाहिन्या, दूरदर्शन आणि विद्यापीठांचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक यांनी एकत्र बसले तर हे काम अवघड नाही.

आपल्या दैनिकाने सुरुवात करावी, ही विनंती. अशा कार्यक्रमांत भाग घेतलेल्या वाचकांनी आपला पदार्थ, तो कोणाकडून शिकला आणि चित्रणाच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असे आवाहन रविवारच्या पुरवणीत करता येईल. त्यातल्या काही जणी आता सत्तरीपुढच्या असतील, म्हणून ते लवकर व्हावे.

– एक वाचक, सांगली